तुरेवाला

“सातवाल्या भाऊंसाठी काढलेस ना रे केस?” आजींनी विचारलं आणि युनिटमधली माणसं एकदम गप्प झाली. मशीनचा आवाज चालूच होता, तो काही थांबत नाही, पण त्या आवाजाखाली सकाळच्या बॅचला जी एक बारीक कुजबुज असते, कोणाच्या नातवाची दहावी, कोणाच्या बागेला किती भाव लागला, ती थांबली. मंगळवार होता, पावणेआठ वाजले असतील. आमचा डायलिसिसचा टेक्निशियन चार नंबरच्या बेडजवळ हातमोजे चढवत उभा होता, डोक्याचा पार गोटा, कालच वस्तरा फिरलेला, आणि कानामागे एक छोटासा काप, त्यावर रक्त सुकलेलं. मी रजिस्टर घेऊन दारातच थांबले. तो सहज म्हणू शकला असता की नाही आजी, सिस्टरांनी सांगितलं म्हणून काढले. पण तो काहीच बोलला नाही. त्यानं आजींचा हात हातात घेतला, फिस्चुलावर बोटं टेकवली, रोजच्यासारखा थ्रिल, म्हणजे आतल्या रक्ताची थरथर, बघितला, आणि आजींनी दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलंच नाही.

केस मी काढायला लावले होते.

आदल्या दिवशीची गोष्ट. हॉस्पिटलांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या एनएबीएचचे असेसर दुसऱ्या दिवशी तपासणीला येणार म्हणून अख्खं हॉस्पिटल घाईत, कोण क्रॅश कार्टमधल्या औषधांच्या तारखा बघतंय, कोण फाइली लावतंय, हाउसकीपिंगच्या बायका जिन्याच्या कोपऱ्यातले डाग घासतायत, आणि मी सकाळी साडेसहापासून पायावर उभी. त्यात एका नव्या पेशंटचा मुलगा काउंटरवर येऊन मोठमोठ्यानं बोलायला लागला, की असल्या पोराच्या हातात आमच्या वडिलांना द्यायचं का, हा टेक्निशियन आहे का डीजेच्या गाडीवरचा पोरगा. आता त्या पोराचे केस कसे होते ते सांगते. दोन्ही बाजू झिरो मशीननं साफ, मधोमध कपाळापासून मानेपर्यंत चार बोटं रुंदीचा पट्टा, जेल लावून उभा केलेला, आणि पुढच्या टोकाला नारिंगी रंग. पेशंट त्याला तुरेवाला म्हणायचे. त्याचं खरं नाव निम्म्या लोकांना माहीतही नव्हतं, “तुरेवाल्याला बोलवा, त्याच्याच हातची सुई पाहिजे” असं म्हणायचे. पण नवीन माणसाला हे काय माहीत असणार, त्याला दिसला तो फक्त तुरा. वरून ॲडमिनचा फोन, सिस्टर जरा स्टाफच्या ग्रूमिंगचं बघा उद्यासाठी. मी तशीच तरातरा गेले आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, हे डोक्यावरचं उद्या काढून यायचं. बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, तेवढंही मी केलं नाही. तो “हो सिस्टर” म्हणाला आणि पुढच्या पेशंटची मशीन प्राइम करायला लागला.

तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. बाजूचे केस आधीच झिरो होते. मधला पट्टा काढला की डोक्यावर उरणार काय? थोडे कापले, नीट सेट केले, असं काही होण्यासारखं नव्हतंच. आणि सोमवार, म्हणजे सलून बंद.

मग त्यानं काय केलं ते त्यानं मला तीन-चार दिवसांनी सांगितलं, गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिताना, ते पण मी खोदून खोदून विचारलं म्हणून. ड्युटी सुटल्यावर तो सिडकोतल्या ओळखीच्या दोन दुकानांवर जाऊन आला, दोन्हीची शटर खाली. उद्याच काढून यायचं म्हटल्यावर त्याला एकच जागा आठवली जिथे वस्तरा घेऊन बसलेला माणूस कुठल्याही वारी मिळतो. तो गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर गेला. नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, रामकुंडाच्या त्या पायऱ्या, ओल्या धोतरांचा आणि अगरबत्तीचा मिसळलेला वास, भाताच्या पिंडांवर लक्ष ठेवून बसलेले कावळे, आणि कडेला पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन बसलेले नाभिक काका. त्या काकांनी त्याला बसवलं, डोक्यावर पाणी मारलं आणि सवयीनं विचारलं, कोणाचं आहे? तो म्हणाला, कोणाचं नाही, माझंच. दहावा कोणाचा म्हणून विचारतोय. कोणाचाच नाही काका, ड्युटीसाठी पाहिजे. त्यावर त्या काकांनी हातातला वस्तरा खाली ठेवला. आई-बाप आहेत का म्हणाले. आई आहे. मग उगाच कशाला काढतोस, म्हणाले, आई असताना असं डोकं घेऊन घरी जाऊ नये पोरा. त्यानं त्यांना नोकरीचं सांगितलं, उद्या इन्स्पेक्शन आहे, मॅडम रागावल्यात. तेव्हा कुठे ते तयार झाले, आणि पैसे घेताना म्हणाले, पुढे थोडे ठेवतो, अगदी गोटा करत नाही. पण नारिंगी रंगाचे तेवढेच कसे ठेवणार? शेवटी सगळेच गेले.

त्याचे वडील तो आठवीत असताना गेले. तेव्हा त्याला ह्याच घाटावर बसवलेलं होतं. हे मला माहीत नव्हतं.

आणि आई. त्यानं बेल वाजवली, आईनं दार उघडलं, त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि तिथेच उंबऱ्यात खाली बसली. “कोण?” एवढंच विचारलं. तिचा मोठा मुलगा पुण्याला गाडी चालवतो, तिच्या मनात तोच आला असणार. ह्यानं तिथल्या तिथे भावाला फोन लावला, स्पीकरवर टाकला, भाऊ ट्रॅफिकमध्ये होता, काय झालं काय झालं म्हणत होता, आणि आईला बोलताच येईना. त्या रात्री ती जेवली नाही. ह्याच्याशीही बोलली नाही. सकाळी डबा मात्र भरून ठेवला होता. हे सगळं सांगताना तो मला एका शब्दानंही बोलला नाही, तुमच्यामुळे झालं असा सूर नाही, उलट म्हणतो, माझंच चुकलं सिस्टर, टोपी घालून घरी जायला पाहिजे होतं.

आपल्याकडे गोटा केलेल्या पुरुषाकडे बघून पहिला प्रश्न हाच येतो, कोण गेलं? तिरुपतीला जाऊन आलास का हा दुसरा. आणि डायलिसिसच्या युनिटमध्ये तर पहिल्या प्रश्नाला फार वजन असतं. आमच्याकडे आठ बेड आहेत. मंगळ-गुरु-शनीची सकाळची बॅच म्हणजे तीच आठ माणसं, त्याच आठ जागा, वर्षानुवर्षं. सात नंबरला एक भाऊ यायचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, सिन्नरकडचे. चार तासांत सिन्नर ते नगर सगळे थांबे क्रमानं म्हणून दाखवायचे. ते आदल्या आठवड्यात बुधवारी रात्री घरीच गेले. आम्ही युनिटमध्ये सांगितलं की ते मुलीकडे कल्याणला गेलेत, आता तिकडेच डायलिसिस घेणार. असंच सांगतो आम्ही दर वेळी, कुठेही लिहिलेलं नाही पण ठरलेलं आहे, कारण शेजारच्या बेडवर झोपलेल्या माणसानं चार तास रिकाम्या गादीकडे बघत काय विचार करायचा? पेशंटना कळतं. कळूनही ते “कल्याणला बरं आहे का त्यांचं” असं विचारतात आणि आम्ही “बरं आहे” म्हणतो. गुरुवारी आणि शनिवारी आजींनी हे दोनदा विचारलं होतं. आणि मंगळवारी त्यांना सुई लावायला गोटा केलेला पोरगा समोर आला. त्यांनी हिशेब जुळवला. भाऊंचा तो लाडका होता हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून तो गप्प राहिला. मला नंतर म्हणाला, खोटं पण बोलवेना आणि खरं पण.

डायलिसिसचा पेशंट आणि त्याला सुई लावणारा माणूस यांचं नातं बाहेरून बघून कळत नाही. आठवड्याला तीन खेपा, प्रत्येक खेपेला दोन सुया, वर्षाच्या तीनशे बारा. आणि त्या सुया सलाइनच्या सुईसारख्या नाहीत, सोळा गेजच्या, बघूनच घशाला कोरड पडते. हातातली धमनी आणि शीर ऑपरेशननं जोडून जो फिस्चुला करतात तो त्या माणसाची जगण्याची दोरी असतो, त्यावर हात ठेवला की आत भुंगा घुमल्यासारखं लागतं. सुई चुकली की हात कोपरापर्यंत काळानिळा होतो, तोच फिस्चुला पुढे बंद पडला तर परत मानेत कॅथेटर, म्हणजे नळी. त्यामुळे कोणाचा हात हलका आहे हे पेशंटना डॉक्टरांच्या डिग्रीपेक्षा जास्त पाठ असतं. एका सेशनला मशीनमधून १२० लिटरच्या आसपास पाणी वाहून जातं आणि त्याच माणसाला घरी दिवसभरात लिटरभर पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, ह्या पोराला त्याचं इतकं वाटायचं की तो पेशंटसमोर कधीही पाण्याच्या बाटलीला तोंड लावत नाही. बाहेर जाऊन पितो. पिंपळगावचे एक बागाईतदार काका आहेत, सीझनला स्टाफसाठी द्राक्षांची पेटी आणतात, स्वतः मोजून दोन मणी खातात, ते म्हणायचे हा पोरगा सुई लावतो तेव्हा मी त्याच्या तुऱ्याकडे बघत बसतो, तेवढ्यात काम होऊन जातं. आडवं पडलेल्या माणसाला दिसतं तरी काय, छत, सलाइनचा स्टँड आणि वाकलेल्या माणसाचं डोकं.

हे सगळं मी रोज बघत होते. तरी सोमवारी मला फक्त तुरा दिसला.

ह्याचं मूळ माझ्यातच कुठेतरी आहे असं वाटतं. मी ट्रेनिंगला गेले तेव्हा माझी वेणी गुडघ्याच्या वर चार बोटं होती. दर रविवारी आई अंगणात पाटावर बसवून शिकेकाईनं न्हाऊ घालायची, पाणी गरम, डोळ्यात गेलं की आग व्हायची, मग केस वाळेपर्यंत धुपाच्या वासात बसायचं. हॉस्टेलला गेल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं की टोपी बसत नाही. नर्सची ती पांढरी कडक टोपी, स्टार्च करून इस्त्री करायची, मागून पिना लावायच्या, आणि माझा अंबाडा एवढा मोठा की टोपी त्याच्यावर होडीसारखी डुलायची. ट्यूटर मॅडम दोनदा हसल्या, तिसऱ्यांदा चिडल्या. म्हणाल्या, एक तर केस ठेव नाहीतर टोपी. मी रूममेटला सांगितलं आणि तिनं बँडेज कापायच्या कात्रीनं माझी वेणी कापली, ती कात्री बोथट होती, करकर आवाज येत होता आणि खूप वेळ लागला. दिवाळीला वर्तमानपत्रात गुंडाळून ती वेणी घरी नेली. आईनं ती हातात घेतली आणि वितीनं मोजली. चार विती आणि थोडी. मग ट्रंकेत ठेवून दिली, काही म्हणाली नाही. दोन वर्षांनी मावसबहिणीच्या लग्नात आईचा खोपा एकदम भरदार दिसला, तिचे केस तर पार विरळ झालेले, मी विचारलं तर म्हणाली गंगावन करून घेतलं. कशाचं? ती म्हणाली, तुझंच आहे. लग्नभर मी तिच्या मागे बसून माझेच केस बघत होते.

आणि ज्या टोपीसाठी केस गेले ती टोपी पुढे गेलीच. आता आमच्याकडे कोणी घालत नाही. कारण काय, तर टोपीच पडद्याला घासते, स्टँडला अडकते, धूळ धरते, आणि बिचारी आठवड्यातून एकदा धुतली जाते. इन्फेक्शनच्या दृष्टीनं तिचा काही उपयोग नव्हता, होता तो नर्स म्हणून ओळखू यायचा.

तर त्या मंगळवारनंतर मी एक गोष्ट केली. गुरुवारी सकाळी खुर्ची टाकून युनिटच्या कोपऱ्यात बसले आणि हातमोजे घातलेला हात केसांना किती वेळा लागतो ते मोजलं. केसांत जंतू असतात हे खरंच आहे, स्टॅफिलोकोकस तर आपल्या सगळ्यांच्याच अंगाखांद्यावर असतो, आणि मानेतला कॅथेटर उघडताना पेशंटच्या तोंडालाही मास्क लावतो इतकं ते काम नाजूक. तेव्हा केसांचा नियम पाहिजेच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मी मोजलं ते असं निघालं. दोन मुली आहेत, अतिशय व्यवस्थित, कोणीही नाव ठेवणार नाही असे केस, कपाळावर छान बटा. एकीनं त्या बटा कानामागे सारल्या नऊ वेळा, त्यातल्या चार वेळा हातमोजे घातलेले. एक ब्रदर आहे, अगदी सरळ भांग पाडणारा, तो विचार करताना डोकं खाजवतो. आणि तुरेवाला, ज्याचा तुरा आता नव्हता, तो शून्य. मग मी आठवून बघितलं. तुरा होता तेव्हाही त्याचा हात कधी डोक्याला जात नसे. जेलनं कडक बसवलेला, कपाळावर काही येण्याचा प्रश्न नाही, कानावर काही नाही, कॉलरवर काही नाही. नियमाच्या दृष्टीनं अख्ख्या युनिटमधलं सगळ्यात सेफ डोकं त्याचं होतं. नारिंगी रंगानं कोणाला इन्फेक्शन होत नाही.

असेसर आले आणि गेले तेही सांगायचं राहिलं. त्यांनी आरओ पाण्याचे रिपोर्ट बघितले, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं आहे का ते बघितलं, आणि त्या गोटा केलेल्या पोराला थांबवून हात कधी कधी धुतोस ते विचारलं. त्यानं पाचही प्रसंग क्रमानं सांगितले, पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त वगैरेचा संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यानंतर, पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. केसांबद्दल चकार शब्द नाही.

मग ॲडमिननं मलाच सांगितलं की सिस्टर, स्टाफच्या ॲपिअरन्सचं एक सर्क्युलर तयार करा. रात्री जेवणं झाल्यावर लेकीच्या लॅपटॉपवर बसले. हरियाणा सरकारनं फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी दवाखान्यांसाठी जो ड्रेस कोड काढला तो वाचला. त्यात पुरुषांचे केस कॉलरच्या खाली नकोत, पेशंटच्या सेवेत आडवे यायला नकोत, इथपर्यंत मला पटलं. पण पुढे फंकी हेअरस्टाइल आणि विचित्र कटिंग चालणार नाही असं आहे, आणि तिथे मी अडकले, कारण विचित्र कोणाला म्हणायचं हे कोण ठरवणार? सोमवारी मीच ठरवलं होतं ना. इंग्लंडात २००८ पासून कोपराखालचे हात उघडे ठेवायचा नियम आहे, घड्याळ नाही, लांब बाह्या नाहीत, डॉक्टरांचे ते लांब बाह्यांचे पांढरे कोट त्यापायी गेले, म्हणजे रुबाब गेला तरी चालेल पण हात नीट धुता आले पाहिजेत. हे मला आवडलं. अमेरिकेत तर ओटीतल्या टोपीवरून केवढं रामायण झालंय. नर्सेसच्या संघटनेचं म्हणणं केस, कान, मान सगळं झाकणारी फुगीर टोपी पाहिजे, सर्जन लोकांना आपली छोटी टोपी प्यारी, २०१६ ला त्यांच्या संघटनेनं तिची बाजू घेतली, मग अभ्यास झाले तर टोपी कुठली यानं जखमेच्या इन्फेक्शनमध्ये फरक पडलेला दिसेना, आणि २०१९ ला नर्सेसच्या संघटनेनंही अमुकच टोपी हा आग्रह सोडला. वाचता वाचता बारा वाजले. आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून १९९८ पासून अख्ख्या महाराष्ट्राच्या डॉक्टर-नर्सेसच्या डिग्र्या निघतात, पण असल्या साध्या गोष्टी शेवटी वॉर्डात कोणीतरी चिडलेली सिस्टर ठरवते.

झोप येईना. आनंदीबाई जोशींचा तो फोटो डोळ्यापुढे येत होता, सगळ्यांनी पाहिलेला आहे, १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या कॉलेजमधला. शेजारी जपानची केई ओकामी, सिरियाची सबत इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या कपड्यांत, आनंदीबाई साडीत. तिथल्या लोकांना ह्या तिघी किती वेगळ्या दिसल्या असतील. आणि मग त्या काळातल्या आपल्याकडच्या बायका आठवल्या, नवरा गेला की न्हाव्यापुढे बसवल्या जाणाऱ्या. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी नाभिकांची सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्या लोकांनी ठरवलं. हे शाळेत वाचलं होतं तेव्हा नुसतं वाचलं होतं. आता मला घाटावरचे ते काका दिसत होते, वस्तरा खाली ठेवणारे. पुढे १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांचं सेवासदन निघालं आणि तिथून अशाच कितीतरी विधवा बायका नर्सिंग शिकल्या. ज्यांचं तोंड सकाळी बघू नये म्हणायचे, त्यांच्या हातून लोक औषध प्यायला लागले. आमच्या लाइनमध्ये आमच्या आधी अशीही डोकी होती, हे कोणी मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्या काउंटरवरच्या मुलाला मी पूर्ण चूक म्हणणार नाही, हे पण खरं सांगते. माझे वडील ॲडमिट होते तेव्हा मी स्वतः तशीच वागले होते. ड्युटीवर दोन डॉक्टर होते, एक वयस्कर, पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, आणि एक तरुण, मागे छोटी पोनी बांधलेला. मी, एवढी वर्षं वॉर्डात काढलेली बाई, प्रत्येक वेळी त्या वयस्कर डॉक्टरांची वाट बघायचे. पोनीवाला रात्री तीनदा येऊन वडिलांची युरिन बॅग बघून गेला, ॲसिडोसिस, म्हणजे रक्तातलं आम्ल, वाढतोय हे त्यालाच आधी कळलं, तरी मला भरवसा वाटला नाही. घाबरलेलं माणूस खुणा शोधतं. आपल्या माणसाच्या छातीवर कोण वाकणार आहे हे दुसऱ्या कशावरून कळणार, म्हणून मग केस, बूट, हस्ताक्षर, काहीही. मी माझे पांढरे केस महिन्याला काळे करते, तेही ह्याचसाठी असेल, समोरच्याला मी अजून धडधाकट दिसावी म्हणून. नव्या पेशंटच्या त्या मुलाला मी सोमवारी बाजूला बसवून पाच मिनिटं सांगायला हवं होतं, की हा पोरगा बघा, ह्याच्या हातची सुई बघा, मग बोला. ते माझं काम होतं. पाच मिनिटं वाचवायला मी त्या पोराचं डोकं वापरलं.

सर्क्युलर शेवटी दोन ओळींचं केलं. केस स्वच्छ असावेत, बांधलेले किंवा झाकलेले असावेत, काम करताना चेहऱ्यावर, पेशंटवर किंवा ट्रेवर येऊ नयेत. हातमोज्यांचा हात केसांना लागल्यास मोजे बदलावेत. ॲडमिननं विचारलं, कलरचं काय, स्टाइलचं काय. मी म्हटलं, त्याचं काही नाही. ते जरा वेळ बघत राहिले आणि सही केली, उत्साहानं नव्हे. बटावाल्या दोघी मुली आता क्लिप लावतात, थोड्या नाराज आहेत माझ्यावर.

त्याला मी सॉरी म्हटलं. त्या टपरीवरच. तो एवढा अवघडला की चहा अर्धा टाकून ड्युटीवर पळाला. त्याच्या आईला भेटायला जायचं मनात आहे, अजून झालं नाही. जाऊन काय बोलणार हे ठरत नाही माझं.

सात नंबरला आता देवळालीकडची एक ताई येते, शाळेत शिपाई आहे, सरकारच्या फुले आरोग्य योजनेतून डायलिसिस घेते. तिला आधीचं काही माहीत नाही, तिनं त्याला पहिल्यांदा बघितलं ते अर्ध्या बोटाच्या केसांत, तिच्यासाठी तो तसाच आहे. भाऊ कल्याणला बरे आहेत का हे मात्र आता कोणी विचारत नाही. पिंपळगावचे काका त्याच्या डोक्याकडे बघून म्हणाले, एप्रिल छाटणी झाली, आता फुटवा चांगला येणार, फक्त पाणी जपून दे. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात, तुऱ्याला अजून बरेच महिने आहेत, आणि परत ठेवणार का असं मी त्याला विचारलेलं नाही.

परवा शनिवारी आजींना सुई लावायला तो खाली वाकला तर आजींनी मोकळ्या हातानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागे, मग मागून पुढे.

“टोचतंय की रे,” आजी म्हणाल्या.

त्यानं मान हलवली नाही. पहिली सुई बसली, चिकटपट्टी लावली, दुसरी बसली.

“आता?” त्यानं विचारलं. “टोचलं?”

“न्हाई,” आजी म्हणाल्या, आणि हात तसाच डोक्यावर ठेवला.